एकलीचं दार

"पळपुटा!"

दसऱ्याच्या सकाळी, अजून कुणी कुणाला आपट्याचं पान दिलं नव्हतं, तेवढ्यात सिद्धाप्पानं धाकट्या भावाला हे दिलं. तेही घरात नाही, बिरोबाच्या पारावर, चाळीस भाऊबंदांच्या देखत. लिंबावर कावळे होते ते उडाले. बोरमाळ वस्तीची माणसं सांगतात की ते कावळे थेट सांगोल्याच्या बाजारात जाऊन उतरले आणि दिवस मावळेपर्यंत वस्तीकडे फिरकले नाहीत. मी काही कावळ्यांच्या मागे गेलो नव्हतो. पण पारावर त्यानंतर जी शांतता झाली ती खरी.

ज्ञानबा उभाच होता. धोतराला गुडघ्यापर्यंत रक्त लागलं होतं, ते त्याचं की लांडग्याचं की मेंढराचं हे विचारायला कुणी धजत नव्हतं. त्याच्या आणि थोरल्या भावाच्या मधे घोंगडी अंथरली होती. घोंगडीवर दोन वस्तू. एक हिऱ्या, म्हणजे देवाला सोडलेला, कळपाच्या पुढं चालणारा एडका, नरडं फाटलेला. आणि दुसरी एकली, म्हणजे बंदूक, दस्ता उभा चिरलेली.

एकलीला एकली म्हणत कारण तिच्यात एका वेळी एकच काडतूस बसे. घोड्याखाली लोखंडी दांडा होता. तो खाली ओढला की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरायचा. ठोकळ्याला घरात 'दार' म्हणत. दार पडलं की काडतूस घालायचं, दांडा वर घेतला की दार चढून नळी बंद. मग घोडा ओढायचा. बार झाला की पुन्हा दार पाडा, पुन्हा काडतूस घाला.

ही बंदूक यांच्या बापाला, शिवप्पाला, तलावाची मोजणी करायला आलेल्या एका गोऱ्या साहेबानं जाताना परवान्यासकट देऊन टाकली होती. का दिली याच्या घरात तीन गोष्टी आहेत. एका गोष्टीत शिवप्पानं साहेबाला लांडग्यांच्या तावडीतून सोडवला. दुसऱ्या गोष्टीत साहेबाला बोटीत सामान जड झालं. तिसरी गोष्ट बायका सांगतात, ती इथं लिहिता येत नाही. शिवप्पाचा पहिला बार म्हणे लांडग्यातून गेला, बाभळीतून गेला आणि मंगळवेढ्याच्या शिवारात एक ससा पाडून थांबला. ससा कुणी खाल्ला, एवढ्यावरून अजून दोन घरांत बोलणं नाही.

आता सकाळचं सांगतो. तांबडं फुटायच्या सुमाराला पाच लांडगे कळपावर पडले. राखणीला ज्ञानबा होता. सिद्धाप्पा ओरडा ऐकून उठला, पण दुखऱ्या गुडघ्यानं फरपटत वाघुरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सात मेंढरं आडवी, हिऱ्या मेलेला, एकली दहा पावलांवर धुळीत पडलेली, आणि भाऊ जागेवर नाही. कोसभर लांब ओढ्याच्या अंगानं तो परत येताना दिसला, हातात नुसती काठी.

"बार का न्हाय काडलास?" सिद्धाप्पा म्हणाला. "कळप हितं मरतोय आन् तू तिकडं वढ्याला!"

"सांगितलं की. दार चडंना. काडतूस घातलं, दांडा वर वडला, आर्ध्यात आडला. पाच डाव वडला."

"चाळीस वरसांत कंदी आडलं न्हाय!"

"आज आडलं."

"मग दस्ता कसा चिरला?"

"लांडग्याच्या पाटीत घातली. दोनदा घातली. मग फेकून मारली."

पारावर कुणीतरी हसू दाबलं. तिथंच सिद्धाप्पाचं डोकं फिरलं.

"फेकली? आमच्या बाच्या बंदुकीला धोंडा समजलास व्हय? लांडग्याला बंदूक फेकून मारणारा गडी आक्क्या तालुक्यात तू येकलाच! अरे, फेकली न्हाईस तू, टाकलीस. टाकून पळालास. पडताना वाकली म्हनून आता तिचं दार चडंना. तुझ्या भ्यानं माझी बंदूक गेली, माझा हिऱ्या गेला!"

आणि मग त्यानं तो शब्द पुन्हा उच्चारला. दुसऱ्यांदा उडायला कावळे उरले नव्हते.

ज्ञानबाला दिसत होतं ते पारावरचं काही नव्हतं. हिऱ्याचं नरडं दातांत धरून उभा असलेला तो लांडगा दिसत होता, पाच पावलांवर, आणि आपल्या हातात अर्ध्या चढलेल्या दाराची बंदूक. लांडगा पळालाही नाही. 'आटप की लवकर' म्हणावं तसा बघत राहिला. ओढ्यापर्यंत ज्ञानबा काठी घेऊन त्यांच्या मागे धावला होता. मागे, पुढे नव्हे. पण ते बघायला होतं कोण?

येडूमामा या भावांचा म्हातारा मामा. जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूनं बोलायचं, हा त्याचा जन्माचा नेम. तो मान हलवत म्हणाला, "सिद्धाप्पाचं बराबर हाय. बंदूक टाकायची चीज न्हवं."

"मामा, दार चडत नसंल तर ती बंदूक हाय का पहार?" ज्ञानबा म्हणाला.

"ह्ये बी बराबर हाय," मामा म्हणाला.

"मी आज बोलत न्हाय, चार वरसं बोलतोय," ज्ञानबा भावाकडे वळला. "हिचा उपेग काय? लांडगं येत्यात पाच. एकाला घातली तर बाकीचं चार काय वळीनं हुभं ऱ्हात्यात, आमचा नंबर कवा येतो म्हनून? काडतूस सोलापुरास्नं आनायचं. दरसाल परवान्याला कचेरीत जायचं, दिसभर व्हरांड्यात बसायचं. नवा फौजदार आला की बंदूक दाखवा. लगीन निघालं की बार काडा. आन् परवाना तुझ्या नावाचा. तू घरी, आमी अकलूजकडं निरेच्या काठाला आठ म्हैनं उगड्यावर. तितं बंदूक नेली तर मी गुन्हेगार, ठिवली तर कळप उगडा. मग ही पुजायपुरतीच की!"

"पुजायपुरती?" सिद्धाप्पा गुडघा विसरून उठला. "पाच गोळ्यांची बंदूक असती तर तू पाच डाव आबाळाला मारली असतीस! एकच गोळी हाय म्हनून मानूस दम धरतो. नेम धरतो. बानं मला काय शिकवलं? दुसरी गोळी न्हाय, असं समजूनच घोडा वड. चाळीस वरसांत हिचा येक खिळा बदलला न्हाय. दार पाडून ठिवलं की ल्हान लेकराला बी कळतं, रिकामी हाय. घरात येक अपघात न्हाय! आन् हिच्या नुसत्या नावानं दरवडेखोर ह्या वस्तीला वळसा घालत्यात, त्ये नगं बोलू!"

"दरवडेखोरास्नी ठावं न्हाय दार चडत न्हाय त्ये."

"दार चडत हुतं! तुझ्या हातात जाईपातूर!"

बायका पाराच्या खाली बसल्या होत्या. ज्ञानबाची बायको केराबाई त्यांच्यात पुढंच होती. त्या काळी भावजयीनं थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नाही, आणि केराबाईनं ती रीत जन्मभर पाळली. ती दिराशी कधीच बोलली नाही. ती कुत्र्याशी बोले.

"काळ्या," ती पायाशी बसलेल्या कुत्र्याला म्हणाली, आणि तिचा आवाज देवळाच्या कळसापर्यंत गेला, "तू बरा रं बाबा. तुला परवाना लागत न्हाय. काई जनांच्या बंदुकीत गोळी येक आन् तोंडात शंभर!"

"त्या कुत्र्याला गप बसव म्हनावं," सिद्धाप्पा बायकोकडे बघून गरजला.

"कुत्रं गपच हाय," केराबाई काळ्याला म्हणाली.

पण केराबाईचा हा नुसता राग नव्हता. सकाळी ती चुलीपाशी होती. ओरडा झाला तेव्हा तिनं वळून पाहिलं, तर धुळीत तिला नवऱ्याची पाठ दिसली. ओढ्याकडे धावणारी पाठ. लांडगे तिला दिसले नव्हते. तो त्यांच्या मागे धावत होता की नुसताच धावत होता? पंधरा वर्षांचा संसार, आणि एका पाठीनं तिच्या मनात खडा टाकला होता. म्हणून ती एवढी मोठ्यानं बोलत होती.

सिद्धाप्पानं हात वर केला. "आईका समदी. उद्या मेंढरं निघायची ती निघतील. पन म्होरं ज्ञानबा न्हाय. नागप्पा जाईल."

चुलतभाऊ नागप्पा खांबाला टेकून मघापासून मिशीला पीळ देत होता. आता त्यानं मिशी सोडली आणि ताठ बसला.

ही गोष्ट साधी नाही. कळपापुढं चालणारा माणूस म्हणजे घराचा धनी, परमुलखात त्याचाच शब्द चालतो. बापानं मरताना हे काम ज्ञानबाच्या हाती दिलं होतं. ते काढून घेतलं की ज्ञानबानं उरलेलं आयुष्य बायकांसोबत लोकर निवडत बसायचं आणि दर बाजाराला तो शब्द ऐकायचा.

"आन् तुला खरंच वाटत आसंल की दार आडलं हुतं," सिद्धाप्पा म्हणाला, "तर हा बिरोबा, हा भंडारा. उचल. तोंडात टाक आन् म्हन."

यांच्यात देवाचा भंडारा हातात घेऊन, चिमूट गिळून बोललेलं खोटं निघालं तर कळप बसतो, एकही मेंढरू उरत नाही. चोरीचा संशय असला, सोयरीक मोडली, तरच भंडारा उचलायला लावतात. सख्ख्या भावाला कुणी लावल्याचं येडूमामालाही आठवत नव्हतं, आणि मामाला तर न घडलेलंही आठवायचं.

"उचला की," केराबाई पटकन म्हणाली. या वेळी कुत्र्याला नव्हे, नवऱ्याला. "खरं हाय तर उचला आन् मोकळं व्हा."

ज्ञानबानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पदर तोंडावर ओढला.

"न्हाय उचलत," तो म्हणाला. "चोराला लावत्यात भंडारा उचलायला. माज्या तोंडाचा सबूद माज्या भावाला पुरत नसंल तर मला कळप बी नगं आन् भाऊ बी नगं. वाटनी कर."

"न्हाय उचलत! आईकलं? आईकलं का?" सिद्धाप्पा चारी बाजूंना फिरून ओरडला. "झालं की साबित!"

"झालं बाबा साबित," येडूमामा म्हणाला.

म्हाळसाबाई, सिद्धाप्पाची बायको, या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती. तिनं काल जे पाहिलं होतं ते सकाळपासून गिळून बसली होती. काल खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पुजायची: लोकरीच्या कातरी, कुऱ्हाड, कोयता, आणि मधोमध एकली. सासरा होता तेव्हा तो एकलीला नुसतं बोटभर कुंकू लावायचा. सिद्धाप्पानं गेल्या काही वर्षांत रीत वाढवली. दार पाडून ठेवायचं, 'तिचं तोंड उगडं पायजे' म्हणून. मग वरून तेल आणि मूठभर भंडारा. काल तो भंडारा उधळताना तिनं पाहिलं होतं. अर्धी मूठ घोंगडीवर पडली आणि अर्धी सरळ दाराच्या खाचेत. 'आवं, आत चाललाय,' ती म्हणाली होती. 'देवाचं हाय, जाऊ दे,' तो म्हणाला होता. तेव्हा तिला एकाएकी कळलं होतं की नवऱ्याला आपला हात कुठं पडतोय ते दिसतच नाही. उजव्या डोळ्याच्या बाहुलीवर दुधाच्या सायीसारखं काहीतरी होतं. एवढा मोठा नेमबाज. तीन वर्षांत त्यानं एकही बार काढला नव्हता, आणि का काढला नाही हे तिनं विचारलं नव्हतं.

बोलावं तर चाळीस माणसांत नवऱ्याची अब्रू जाते. न बोलावं तर दिराची. ती उठली. पाराच्या दुसऱ्या टोकाला सांगोल्याचा पीरसाब आपल्या कामात होता. कुलपं, शिवणयंत्रं, कातरी दुरुस्त करणारा हा कारागीर; दर दसऱ्याला वस्तीच्या कातरींना धार लावायला यायचा, सोनं घेऊन आणि जेवून जायचा.

"पीरसाबभाई," म्हाळसाबाई म्हणाली, "तेवडी बंदूक उगडून बगा."

"तू मदी पडू नगंस!" सिद्धाप्पा ओरडला.

"मी कुटं पडले? वाकली का आडली, त्ये लोखंडच सांगंल की. लोखंडाला भाऊ नसतो."

"ह्ये बराबर हाय," येडूमामा म्हणाला, आणि नळीच्या समोर सरकून नीट बघायला बसला.

पीरसाबनं एकली मांडीवर घेतली. दांडा हलवून पाहिला, कान लावला, नखानं कड खरवडली. "वाकली नाय," तो म्हणाला.

"तुला काय कळतंय बंदुकीतलं?"

"बंदुकीतलं नाय कळत, सिद्धाप्पा. जाम झालेल्यातलं कळतंय. सांगोल्यात समदंच जाम हाय." त्यानं बाटलीतलं रॉकेल खाचेत सोडलं, थोडं थांबला, लाकडाच्या हातोडीनं दांड्यावर एक टोला दिला. दुसरा दिला. तिसऱ्या टोल्याला खट् झालं आणि दार खाली पडलं.

दाराबरोबर खाचेतून एक ढेकूळ घोंगडीवर पडलं, जांभळाएवढं. पीरसाबनं ते उचलून तळहातावर घेतलं. वरून काळं, बोटानं फोडल्यावर आतून पिवळंधमक. तेलात मुरलेला, धुळीत मळलेला, वर्षावर वर्ष थर बसलेला भंडारा. मधे दोन तांदूळसुद्धा होते.

"या अल्ला," पीरसाब हळूच म्हणाला. "चार वरसाची पूजा हाय ही. वरचा थर कालचा, वला हाय. येवडं भरल्यावर दार चढंल कसं? पैलवान लावला तरी नाय चढनार."

मग त्यानं बंदूक तिरकी केली आणि नळीतून सरकन् काडतूस बाहेर आलं. अखंड, न उडालेलं.

"भरलेली हुती की वो!" पीरसाब म्हणाला.

सकाळपासून ती नळी चाळीस माणसांवर रोखलेली होती हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. येडूमामा तर बसल्या जागेवरून असा उडाला की त्या दिवसापासून त्याची संधिवाताची तक्रार गेली, ती गेलीच.

हसलं मात्र कुणी नाही. सगळे काडतुसाकडे बघत होते. पळणारा माणूस काडतूस घालत बसत नाही. आणि एकलीची पूजा कोण करतो हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नागप्पानं पुन्हा खांबाला पाठ टेकली. केराबाईचा पदर तोंडावरून खाली आला, आणि ती तोंड फिरवून रडू लागली. का, हे तिनं नवऱ्याला पुढं बारा वर्षांनी सांगितलं.

ज्ञानबाला आता बोलता आलं असतं. त्याच्याही नळीत एक गोळी होती, आणि नेम समोर होता. तो म्हणाला एवढंच, "पीरसाबभाई, त्ये काडतूस दादाला द्या. परवाना त्याच्या नावावर हाय." आणि भावाकडे वळून, आवाज न चढवता: "मला बंदूक नगं, दादा. कळप बी नागप्पाला दे. पन जो सबूद चाळीस मानसांत टाकलास, त्यो चाळीस मानसांतनं उचल. न्हायतर मी आज हितनं उठतो, त्यो परत तुझ्या दारात येत न्हाय."

सिद्धाप्पा पीरसाबवर भडकला. "रॉकेल वतलंस! देवाच्या वस्तूत रॉकेल!" मग तेलावर भडकला, तेल्यानं यंदा भेसळ केली होती. मग बायकोवर, की काल सांगितलं का नाही. म्हाळसाबाई म्हणाली, "सांगितलं हुतं." एवढंच म्हणाली. मग भडकायला कुणी उरलं नाही. तो पाराच्या कडेला उभा राहिला, एका डोळ्यानं चाळीस माणसांकडे बघत, आणि दुसऱ्या डोळ्यात नुसतं धुकं.

"आन हिकडं," तो पीरसाबला म्हणाला.

पीरसाबनं बंदूक पुढे केली.

"बंदूक न्हवं. त्ये."

त्यानं ढेकळासाठी हात पुढे केला, तर हात चार बोटं डावीकडे गेला. पीरसाबनं मुकाट्यानं आपला तळवा तिकडे सरकवला. ते बऱ्याच जणांनी पाहिलं. म्हाळसाबाईनं डोळे मिटून घेतले.

सिद्धाप्पा देवळाच्या उंबऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. आवाज अजून रागाचाच होता, दुसरा आवाज त्याच्यापाशी नव्हता.

"बिरोबा, आईक! आन् समदी आईका! माजा भाऊ पळाला न्हाय! त्यो लांडग्याच्या मागं गेला, म्होरं न्हाय! बंदुकीचं दार म्या बुजवलं, माज्या हातानं! माज्या उजव्या डोळ्याला तीन वरसं दिसत न्हाय, आन् म्या कुनाला सांगितलं न्हाय! मेंढरास्नी दोन रोज थांबू द्या, म्होरं ज्ञानबाच जाईल. परवान्यावर ज्ञानबाचं नाव चडवायची अर्जी उद्याच कचेरीत टाकतो. त्यात येक सबूद खोटा आसंल तर माजा कळप बसू दे!"

भंडारा चिमूटभर गिळायचा असतो. सिद्धाप्पानं अख्खं ढेकूळ तोंडात टाकलं.

आता विचार करा. चार वर्षांचं खवट तेल, दारूची काजळी, दोन तांदूळ, सांगोला तालुक्याची धूळ, आणि वरून पीरसाबचं ताजं रॉकेल. सिद्धाप्पाचं तोंड आधी लाल झालं, मग हिरवं. डोळ्यांतून पाणी आलं. नरड्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, एकलीच्या दारासारखी मधेच अडली. चाळीस माणसं श्वास धरून बघत होती. पीरसाबनं तर घाबरून आपल्याच गळ्याला हात लावला. शेवटी गटकन् आवाज झाला.

थुंकला मात्र नाही.

ज्ञानबानं रांजणातून तांब्या भरून आणला. भावाच्या हातात दिला नाही. तेवढा राग अजून उतरला नव्हता. पाराच्या कडेवर ठेवला, डाव्या अंगाला, जिकडून दादाला दिसत होतं तिकडे.